नवी चाके

गेल्या ज्येष्ठ महिन्यात आम्ही आमच्या सायकलीस नवी चाके बसविली आणि ही गोष्ट घरात कोणासही कळू दिली नाही. इंग्रजीच्या प्राध्यापकाने घरच्यांची नजर चुकवून काही विकत घ्यावयाचे तर ती पुस्तके असावीत असा एक संकेत आहे. आणि त्या संकेताची आमच्या घरास इतकी सवय झालेली आहे, की जिन्यावरून वर आलेला भला मोठा चपटा खोका हा शब्दकोश नव्हे, हे उघडकीस येण्यास आठ दिवस लागले. चाकांची किंमत ८४,००० रुपये. हा आकडा आम्ही येथे एकदाच सांगतो. गच्ची गळते म्हणून तिच्या डागडुजीकरिता जी रक्कम बाजूस काढून ठेविली होती, तीतूनच हा खर्च झाला, हेही सांगून टाकतो. म्हणजे पुढील मजकूर वाचताना वाचकांच्या मनात आमच्याविषयी नसती सहानुभूती उत्पन्न होणार नाही.

गेली तीन वर्षे दर रविवारी पहाटे आम्ही आमच्या चार माजी विद्यार्थ्यांबरोबर खडकवासल्यावरून पानशेतच्या रस्त्याने सायकलीवर जातो. १२ जुलै १९६१ रोजी ज्या पाण्याने पुणे बुडविले ते ज्या खोऱ्यातून आले, त्याच खोऱ्यातला हा रस्ता. उजव्या हातास जलाशय, डाव्या हातास सिंहगडाचा डोंगर, आणि समोरून, विशेषतः पावसाळ्यात, पश्चिमेचा वारा. धरणापलीकडच्या एका चहाच्या टपरीपासून वाटेवरल्या एका वडापर्यंतचे १६ किलोमीटर हे आमचे मोजमापाचे अंतर होय. मधल्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी आम्ही एकटेच गेलो तर ते ४० मिनिटांत तोडीत असू. गेल्या माघात त्यास साडेएकेचाळीस मिनिटे लागली. फाल्गुनात पुन्हा तेवढीच. रस्ता तोच, वड तोच, सायकलही तीच. बदललेली वस्तू एकच होती, आणि ती कोणत्याही दुकानात बदलून मिळत नाही. म्हणून आम्ही चाकांकडे बोट दाखविले. चाकांची सोय अशी, की ती विकत मिळतात.

चाक सुधारले की वेग वाढतो, ही समजूत अगदीच वेडगळ आहे असेही नव्हे. बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टराने १८८८ साली आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीस हवेने फुगविलेली रबरी धाव बसविली. पुढच्याच वर्षी विल्यम ह्यूम नावाचा स्वार तसली जाडजूड चाके घेऊन बेलफास्टच्या शर्यतीत उतरला आणि भरीव रबराच्या चाकांवर बसलेल्या प्रतिस्पर्ध्यांना मागे टाकून जिंकला. त्या दिवशी चाकाने खरोखरच शर्यत जिंकली यात शंका नाही. परंतु त्यास आता सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. चाकात करण्याजोगी जी ठोकळ सुधारणा होती ती होऊन गेली. उरली आहे ती तोळ्यामाशाची, आणि तिचा भाव मात्र सोन्याचा.

हे आम्हांस कळत नव्हते असे नाही. आमचे पदार्थविज्ञानाचे एक सहकारी आहेत, त्यांच्याकडे आम्ही खरेदीपूर्वी मुद्दाम गेलो होतो. त्यांनी उत्तरपत्रिकेच्या एका कोऱ्या पाठीवर आकडे मांडले. जुन्या चाकांचे वजन १,९०० ग्रॅम, नव्यांचे १,५००. आम्ही ७९ किलो, सायकल ९ किलो, एकूण ८८. त्यांतून ४०० ग्रॅम गेले म्हणजे शेकडा अर्धाही कमी झाला नाही. "तासाभराचा चढ असेल तर तुम्हांला सोळा सेकंद मिळतील," ते म्हणाले, "आणि सपाटीवर जवळजवळ काही नाही." फिरत्या कडेचे वजन दुप्पट धरावे असे सायकलवाले सांगतात, अशी शंका आम्ही काढली. ते म्हणाले की हे वेग वाढविण्याच्या क्षणापुरते खरे आहे; एकाच चालीने चाललेल्या मनुष्यास त्याचा उपयोग नाही. मग हवा आली. नव्या चाकांची कड कार्बनची व ४५ मिलिमीटर खोल असल्याने ती हवा कापीत जाते, असे दुकानदाराचे म्हणणे होते. सहकाऱ्यांनी तेही मान्य केले, परंतु हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात, तेव्हा एकूण विरोध शेकडा तीनांनी घटविला तरी वेग वाढणार शेकडा एकाने! शिवाय हवेस जो अडथळा होतो त्यातला सुमारे तीन-चतुर्थांश स्वाराच्या देहाचा असतो. एवढे बोलून त्यांनी आमच्याकडे नखशिखांत पाहिले व पुढचे वाक्य सभ्यपणे गिळले.

खरे पाहता याहून मोठा पुरावा आमच्या वाचनात आलेला होता. एका तासात सायकलीने किती अंतर तोडता येते याचा एक जुना विक्रम आहे. १९७२ साली मेक्सिकोच्या विरळ हवेत बेल्जमच्या एडी मेर्क्सने साध्या तारांच्या चाकांवर ४९.४३१ किलोमीटर तोडले. १९८४ साली तेथेच इटलीच्या फ्रान्चेस्को मोझेरने तारांऐवजी थाळीसारखी भरीव चाके लावून तो आकडा ५१.१५१ वर नेला. १९९६ साली इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने हात पुढे ताणून, पोहणाऱ्यासारखे अंग पसरून ५६.३७५ गाठले. तेव्हा सायकल-संघाचे डोळे उघडले आणि असे ठरले की हा विक्रम करावयाचा तर मेर्क्सच्या काळच्या घडणीची सायकल हवी. २००० साली तोच बोर्डमन मँचेस्टर येथे तसल्या सायकलीवर बसला आणि तासाअखेर त्याची मजल भरली ४९.४४१. मेर्क्सहून दहा मीटर जास्त! अठ्ठावीस वर्षांत मनुष्य दहा मीटर पुढे गेला. मेक्सिकोच्या हवेची सवलत हिशेबात घेतली तर कदाचित थोडा अधिक. बाकीचे सात किलोमीटर यंत्राचे आणि आसनाचे, त्यातही बराच भाग आसनाचा. आम्ही या सगळ्यातून फक्त "सात किलोमीटर" एवढे शब्द उचलले आणि दुकानाची पायरी चढलो.

चाके बसविण्याचे काम मात्र पाहण्यासारखे झाले. आमच्या लहानपणी तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या सायकलीच्या रिमचा आउट काढणारा मिस्त्री चाक उलटे टांगून, खडू धरून, एकेक तार पिळीत बसे, आणि शेवटी चाक फिरवून त्याकडे असा पाही की जणू त्याने ते विश्वाच्या आसावर ठेवले आहे. आताचा मिस्त्री पंचविशीचा होता, पण पाहणे तेच. त्याने आम्हांस टायर २८ मिलिमीटरचे घ्यावयास लावले आणि हवा कमी भरली. आम्ही आयुष्यभर टायर दगडासारखा टणक असेल तरच सायकल पळते या श्रद्धेने पंप मारीत आलो होतो; परंतु खडबडीत रस्त्यावर रुंद टायर आणि बेताची हवाच बरी, असे आता शर्यतीचे स्वारही मानू लागले आहेत. आमच्या मते त्या ८४,००० रुपयांत आम्हांस मिळालेला खरा लाभ म्हणजे हा एवढा फुकटचा सल्ला. पाठीच्या कण्यास तो लगेच पटला.

बुधवारी आम्ही एकटेच निघालो. वारा नव्हता. नवी चाके उतारावर पॅडल थांबविताच किर्र असा आवाज करीत, आणि तो ऐकून रस्त्याकडेचे एक कुत्रे मागे लागले. त्या कुत्र्याचा हिस्सा वजा न करता सांगावयाचे तर वड ४० मिनिटे ५० सेकंदांत आला. चाळीस सेकंदांची बचत! आम्ही त्या वडाखाली उभे राहून आकडा तीनदा पाहिला. चोपन्नाव्या वर्षी मनुष्यास काही परत मिळाल्याचे प्रसंग फार येत नाहीत.

नंतरचा रविवार आषाढातला. ढग खाली उतरले होते आणि पश्चिमेचा वारा तोंडावर होता. विद्यार्थ्यांनी टपरीपाशी चाकांना हात लावून पाहिला, कडेवर टिचक्या मारल्या, किंमत विचारली. किंमत आम्ही ऐकू न आल्यासारखे केले. मग त्यांतला एक म्हणाला, "सर, आता तुम्ही पुढे. इतके दिवस तुम्ही मध्ये असायचा, आता आम्हांला तुमच्या मागे राहू द्या." सगळे हसले. आम्हीही हसलो आणि पुढे झालो.

पहिले किलोमीटर आम्ही चाकांच्या भरवशावर काढले, दुसरे लाजेवर. तिसऱ्यात मांड्या भरून आल्या. मान वळवून पाहतो तो चौघेही आमच्या मागे एकाला एक लागून, पॅडल अर्धे मारीत, गप्पा करीत येत होते. तेव्हा आमच्या ध्यानात आले, की तीन वर्षे हे चौघे आळीपाळीने पुढे होत आले आणि प्रत्येक वेळी "सर, तुम्ही मध्ये" म्हणत आले, ते गुरूचा मान म्हणून नव्हे. पुढच्या स्वाराच्या मागे जवळ राहिले तर मागच्याचे निदान चौथा हिस्सा श्रम वाचतात, हे या विषयावरील कोणत्याही पुस्तकात आहे. आम्हीही वाचलेले होते. शेकडा एकाकरिता आम्ही गच्ची गहाण टाकली, आणि शेकडा पंचवीस कोणी आम्हांस दर रविवारी न मागता देत होते, त्याची नोंद आमच्या घड्याळात नव्हती. त्यांना वाटले, नव्या चाकांमुळे आता सरांना ते नको. त्यांच्यावर रागवावयास जागाच नव्हती.

आम्ही हात दाखवून बाजूस झालो. ते चौघे पुढे गेले, आणि वाऱ्याच्या आवाजात आम्ही मागे राहिल्याचे त्यांस कळले नाही. त्यातच आडव्या झोतासरशी खोल कडेचे पुढचे चाक शिडासारखे ओढले जाई, हा या चाकांचा दुकानात न सांगितलेला गुण. वळणाअलीकडे चौघांतील एकुलती एक मुलगी परत येताना दिसली. कॉलेजात असताना ही मागच्या बाकावर बसे आणि एक शब्द बोलत नसे. तिने सायकल वळविली आणि आमच्या पुढे घातली. "सर, माझ्या मागच्या चाकाला धरून या. बोलू नका, दम जाईल." आजवर आम्हांस बोलू नका असे सांगणारा विद्यार्थी भेटला नव्हता. आम्ही बोललो नाही. वडापर्यंत ४४ मिनिटे लागली.

घरी आलो तो बैठकीच्या खोलीत मधोमध बादली ठेविलेली, आणि तीत गच्चीतून थेंब पडत होते. सौभाग्यवतींनी दोन दिवसांपूर्वी खोक्यावरील पावती वाचलेली होती. वाट पाहत होत्या ती आमच्या बोलण्याची. आम्ही सगळे सांगितले.

"मग एकंदर वाचलं किती?" त्यांनी विचारले.

"चाळीस सेकंद. वारा नसला तर."

"तेवढ्यात ही बादली रिकामी होते," त्या म्हणाल्या. तेव्हापासून ते काम आमच्याकडे आहे.

शनिवारी रात्री माळ्यावरून जुनी चाके काढून आम्ही ती स्वतःच बसविली. हाताला काळे लागले, आणि मागचे चाक दोनदा वाकडे बसले. रविवारी टपरीपाशी चौघांनीही ती पाहिली. कोणी काही विचारले नाही. पाऊस बारीक पडत होता. चहा झाल्यावर ती मुलगी निमूटपणे पुढे झाली, दुसरा तिच्यामागे, आणि तिसऱ्याने हाताने खूण करून आम्हांस मध्ये घेतले. काही वेळाने ओळ बदलली आणि आम्ही तिच्या नेमके मागे आलो. तिच्या मागच्या चाकावरून उडणारे रस्त्याचे पाणी सरळ आमच्या चष्म्यावर येत होते. एक हात बाजूस सरकलो असतो तर चष्मा कोरडा राहिला असता. पण तेथे वारा होता.