यिंगेचं झाकण

तापात गेलेली जिभेची चव हळूहळू परततेय. आज यिंगेहून आणलेलं गायवान, म्हणजे चहाचं झाकणाचं भांडं, काढलं. यिंगे हे तैपेईजवळचं कुंभारांचं गाव. चाकावर हातानं घडवलेलं भांडं, त्यामुळे झाकण एका बाजूनं किंचित उचललेलं राहतं. मला ते आवडतं.

चहा तैवानमधल्याच लुगूचा, तोंग-तिंग उलाँग. पानं अर्धवट ऑक्सिडीकरण करून, गोळीसारखी वळून, भाजलेली. 100 मिलिलिटरला 5-6 ग्रॅम, पाणी जवळपास उकळतं. पहिल्या पाण्याला भाजल्याचा वास. मग पान सैलावलं आणि फुलांचा सुगंध सुटला. पुढच्या घोटाला घशाशी गोडवा रेंगाळला. तो चहाचा, की अंथरुणातून उठलेल्या माणसाचा? कोण जाणे. कितीतरी वेळ झाकणाच्या आतला वास घेत बसले.

चीनमधल्या यीशिंगच्या किटल्यांच्या बिनझिलईच्या मातीत म्हणे चहा मुरत जातो, म्हणून जाणकार एका किटलीत एकाच प्रकारचा चहा करतात. माझ्या भांड्याला झिलई आहे. धुतलं की कालचं काही उरत नाही. आजारपणानंतर असंच भांडं बरं वाटतं; का, ते नीट सांगता येत नाही.

बाकी, चार वाजता मला आल्याचा, दूध घातलेला चहा लागतोच. त्याची जागा उलाँग घेणार नाही.