नवी ब्लू-रे पारखताना

कापडाच्या व्यापारात आयुष्य गेलेला माणूस ताग्यावरील चिठ्ठी पाहून भाव ठरवत नाही. तागा उलगडून पोत पाहतो. चित्रपटांच्या नव्या ब्लू-रे घेतानाही त्याची हीच दृष्टी कामी येते.

सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’, ‘अपराजितो’ आणि ‘अपूर संसार’ या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधील आगीत होरपळल्या. पुढे इटलीतील बोलोन्या येथे वाचलेल्या फिती हातांनी सांधण्यात आल्या. जो भाग कामाचा उरला नव्हता, तेथे इतर प्रतींची जोड दिली गेली. २०१५ मध्ये अमेरिकेतील क्रायटेरियनने त्यांची ब्लू-रे काढली. अशा ठिकाणी मोजलेला पैसा श्रमाचा असतो. जुनीच प्रत नव्या वेष्टनात आली असेल, तर मात्र तो हात आखडता घेतो.

अमेरिकेतील मुलाने ‘येताना काय आणू?’ असे विचारले, की तो आधी विभाग पाहायला सांगतो. क्रायटेरियनची अमेरिकी ब्लू-रे ‘ए’ विभागाची, तर भारत ‘सी’ विभागात. येथील साध्या प्लेयरवर ती चालत नाही.

शेवटचा हिशेब घरचा. एकदाच पाहायचे ते मोबाइलवर पाहून भागते. परंतु हक्कांची मुदत संपली, की ऑनलाइन मंचावरून चित्रपट नाहीसा होतो. म्हणून नातवंडे मोठी झाल्यावर त्यांच्यासोबत पुन्हा पाहावासा वाटेल, तेवढाच चित्रपट तो विकत घेतो. कपाटात डिस्क मोजक्याच आहेत. न पाहिलेली त्यांत एकही नाही.