नवतपातली पायपीट

चंद्रपूरच्या माणसाकडे पाहुणे कधी येतात? इतर गावी सुट्टीला, सणाला, लग्नाला येतात; आमच्याकडे मे महिन्यात येतात. ताडोबाची पाणवठी आटत आलेली असतात, उरल्यासुरल्या पाण्यावर वाघ हटकून येतो, आणि वाघामागोमाग आमचे नातेवाईक येतात. बाहेर पारा ४६ अंशांवर असतो. आत कूलरसमोर कोणी बसायचे ह्यावरून मुलांची भांडणे चालू असतात.

आमचे पुण्याचे धाकटे मेहुणे मात्र एक पाऊल पुढे गेले आहेत. राजगड ते तोरणा एका दिवसात चालणारा हा गडी. दसऱ्याला सोने द्यायला म्हणून फोन केला आणि म्हणाला, "भाऊजी, पुढच्या मे महिन्यात येतो. गाडीबिडी नको, तीन दिवस पायीच हिंडू. जंगलच आहे, सावली असणारच!"

ह्या 'असणारच'ने माझी झोप उडवली. सह्याद्रीत माथ्यावर पोचले की वारा भेटतो. आमचे रान सागाचे आणि बांबूचे. उन्हाळा आला की साग आपली पाने टाकून मोकळा होतो. मेमध्ये त्याच्याखाली उभे राहणे म्हणजे छत उडालेल्या मांडवात बसणे. खाली वाळलेल्या पाचोळ्याचा थर, वर सूर्य, आणि वारा सुटलाच तर तो भट्टीतून आल्यासारखा. त्यात २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि नवतपाचे नऊ दिवस सुरू होतात. तेव्हा इथला शहाणा माणूस डोक्याला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानातही जात नाही.

तरी बेत करायला बसलो. पाण्यापासूनच सुरुवात केली. अशा उन्हात चालणाऱ्या माणसाचा तासाला लिटरभर घाम सहज जातो. म्हणजे सहा तासांच्या चालीला सहा लिटर. दोघांचे बारा, आणि तेही पाठीवर. नुसते पाणी पिऊन भागत नाही, घामाबरोबर मीठही जाते. म्हणून कैरीचे पन्हे, मीठसाखर, कांदा. (खिशातल्या कांद्याने ऊन लागत नाही ह्यावर सौभाग्यवतींची श्रद्धा आहे. मी वाद घालत नाही. कांदा निदान खाता तरी येतो.) दहा ते पाच चालणे बंद. मग उरले काय? पहाटे पाच ते नऊ, आणि मावळतीचा एखादा तास.

आणि इथेच बेत अडला. हे तास वाघाचेही आहेत. दुपारी तोही आपल्यासारखाच सावली धरून पडलेला असतो.

ताडोबाच्या गाभ्यात पायी हिंडायला परवानगीच नाही. गाडीतून खाली उतरायचेसुद्धा नाही. हे नियम सरकारी खात्यांच्या आडमुठेपणापोटी आले असे मेहुण्यांना वाटते. ताडोबाचे अभयारण्य १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, पण नाव त्याहून फार जुने. तळ्याकाठी तारू देवाचे ठाणे आहे, पौषात तिथे जत्रा भरते. गोंडांच्या कथेत हा तारू गावचा प्रमुख होता आणि वाघाशी झुंजताना मेला. ज्याच्या नावाने आपण वाघ पाहायला जातो, तो वाघाने मारलेला माणूस.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई दर मेमध्ये सिंदेवाहीकडे माहेरी जातात, तेंदूपाने तोडायला. पहाटेच निघायचे, ऊन चढायच्या आत परतायचे, मग ओसरीवर बसून सत्तर पानांचा एकेक पुडा बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर नेऊन द्यायचा. पाने खुडताना माणूस सारखा वाकलेला असतो, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही म्हणतात. २०२५ च्या मे महिन्यात त्याच तालुक्यात पाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या तोंडी पडल्या. बाई तेव्हा माहेरीच होत्या. दोन दिवस गावातले कोणी रानात गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले. हंगाम जेमतेम दोनतीन आठवड्यांचा, आणि शाळेच्या वह्यापुस्तकांचे पैसे त्यातूनच यायचे.

मेहुण्यांचा बेत मी त्यांना सांगितला. हातातले पातेले खाली न ठेवता त्या म्हणाल्या, "कामाबिगर कायले जाते जी कोनी रानात?"

मेहुण्यांना मी कळवले आहे : चालायचे असेल तर जानेवारीत ये. गडचिरोलीत आलापल्लीचे 'वनवैभव' पाहू. सहा हेक्टरांचा जुन्या उंच झाडांचा तुकडा राखून ठेवला आहे, २०१४ साली त्याला जैवविविधता वारसा स्थळ ठरवले. परतताना वैनगंगेकाठचे मार्कंडा देऊळ. स्वेटर आण, पहाटे थंडी पडते. मेमध्येच यायचे असेल तर गाडीत बसून मुकाट्याने वाघ पाहा.

त्यांचे उत्तर यायचे आहे. बाईंनी मेमधली रजा मात्र आत्ताच सांगून ठेवली आहे.