नोव्हेंबर तेव्हा खेळायचा होता

दिल्लीत वाढलेल्या मराठी पोरांना नोव्हेंबर म्हणजे खेळायचा महिना. उन्हाळ्यातली लू नाही, जानेवारीचं हाडं गोठवणारं धुकं अजून लांब. 1982चं एशियाड 19 नोव्हेंबरला सुरू झालं, 4 डिसेंबरला संपलं, आणि मुनिरकाच्या डीडीए फ्लॅटांमध्ये आमचं वेगळं एशियाड त्याच दिवसांत भरलं. दोन ब्लॉकच्या मधल्या मोकळ्या जागेत चुन्याची धावपट्टी. औषधाच्या बाटल्यांची झाकणं सुतळीत ओवून पदकं. पी. टी. उषाला 100 आणि 200 मीटरमध्ये रौप्य मिळालं म्हणताच आमच्या जिन्यातल्या सगळ्या मुली उषा झाल्या. हॉकीच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने सात गोल घातले, त्याबद्दल मात्र कोणी फार बोललं नाही.

कबड्डीत आमची डाळ शिजायची नाही. ती पदकं मुनिरका गावातली पोरं घेऊन जायची. गाव टोकस जाटांचं. वसंत विहार, रामकृष्णपुरम, जेएनयू हे सगळं अशाच गावांच्या जमिनींवर उभं राहिलं. शेतं गेली, तरी त्या पोरांच्या मांड्या शेतकऱ्याच्याच होत्या.

इथवर सगळं गोड आहे. पण ज्या स्टेडियमांचे फोटो आम्ही वहीत चिकटवत होतो, ती बांधणाऱ्या मजुरांची गोष्ट मला फार उशिरा वाचायला मिळाली. किमान मजुरी दिवसाला 9 रुपये 25 पैसे. त्यातला एक रुपया मजूर आणणारा जमादार दलाली म्हणून कापून घ्यायचा. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्सने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं आणि उद्घाटनाला दोन महिने उरले असताना न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला: किमान मजुरीहून कमी पैशांत राबवणं ही वेठबिगारच. कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही हा निकाल पाठ असतो. आम्हाला मात्र एशियाडचा शुभंकर अप्पू हत्ती पाठ होता.

2010च्या राष्ट्रकुल स्पर्धा आल्या तेव्हा भाषा सुधारली होती. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाशी करार झाला, खेळ ‘हरित’ ठरले. आणि खेळाडूंचं गाव वसवलं कुठे, तर यमुनेच्या पूरपात्रात! सिरी फोर्टला झाडं पडली, रहिवासी कोर्टात गेले. मजुरांचं काय, हे बघायला उच्च न्यायालयाने समिती नेमली, तर तिलाही पुन्हा मजुरी कायद्याचं उल्लंघनच सापडलं. आयोजन समितीचे अध्यक्ष पुण्याचे सुरेश कलमाडी, त्यामुळे शेजारीपाजारी आमच्याकडे पास मागायला यायचे. जणू सगळे मराठी लोक एकमेकांच्या घरचेच! एक मात्र कबूल करायला हवं, सीएनजीवरच्या नव्या लो-फ्लोअर बस आल्या आणि 615 मध्ये पहिल्यांदा माणसासारखं चढता आलं.

आज आमच्या त्या मोकळ्या जागेत गाड्या उभ्या असतात, बंपरला बंपर लावून. उरलेल्या पार्कच्या फाटकावर पाटी आहे: ‘यहाँ क्रिकेट खेलना मना है’. खेळायचं तर तासाच्या भाड्याने टर्फ घ्यायचं. खाली प्लास्टिकचं गवत, चारी बाजूंनी जाळी. मुनिरका गावात मजल्यावर मजले चढलेत, खोल्या विद्यार्थ्यांना भाड्याने दिल्यात. दोन इमारतींमधून आकाशाची पट्टी दिसते, तिच्यातून विजेच्या तारा गेलेल्या.

तरी जागेची चणचण मी समजू शकतो, शहर वाढतं. हवेचं मला पटत नाही. डिसेंबर 2017 मध्ये दिल्लीच्या फिरोजशाह कोटला मैदानावर श्रीलंकेचे क्रिकेट खेळाडू तोंडाला मास्क लावून क्षेत्ररक्षण करत होते, तेव्हा आपल्यातल्याच कितीतरी जणांनी त्यांना नाटकी म्हटलं. नोव्हेंबर 2025 मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने वायुगुणवत्ता आयोगाला विचार करायला सांगितलं, की शाळांच्या मैदानी स्पर्धा नोव्हेंबर-डिसेंबरमधून हलवता येतील का. म्हणजे बरोब्बर एशियाडचे दिवस.

कोर्टाचं चुकलं असं नाही. नातवाला त्या हवेत मीही पळू देणार नाही. पण भाड्याच्या टर्फवर जाळी असते, छप्पर नसतं. पैसे मोजूनही हवा तीच. आमच्या ब्लॉकची स्पर्धा आता होळीच्या आसपास घेतात. मार्चमध्ये परीक्षा असतात, त्यामुळे दहावी-बारावीची मुलं येत नाहीत, आणि कबड्डीला संघच पुरा होत नाही.