पडलेल्या उमेदवाराची मते

चांदूर रेल्वेच्या मतदाराने २००४ पासून विधानसभेसाठी पाच वेळा मतदान केले आणि पाचही वेळा काँग्रेसच्या पंज्यासमोर वीरेंद्र जगताप हेच नाव होते. पहिल्या तीन वेळा ते निवडून आले, पुढच्या दोन वेळा पडले. २००४ साली मतदारसंघ चांदूरच्या नावाचा होता. पुनर्रचनेनंतर २००९ पासून तो धामणगाव रेल्वे झाला. चांदूर रेल्वे, धामणगाव रेल्वे आणि नांदगाव खंडेश्वर या तीन तालुक्यांचा हा मुलूख. जिल्हा अमरावती, पण लोकसभेला तो वर्ध्याला जोडलेला. समोर भाजपकडे अडसडांचे घर. अरुण अडसड १९९९ मध्ये चांदूरचे आमदार झाले, तर २०१९ पासून त्यांचे चिरंजीव प्रताप अडसड आमदार आहेत. त्याआधी १९९५ मध्ये जनता दलाचे डॉ. पांडुरंग ढोले निवडून आले होते. म्हणजे पाव शतकाहून अधिक काळ इथली लढत दोन-तीन नावांभोवती फिरते आहे. ‘पुन्हा तेच का?’ हा प्रश्न त्यामुळे स्वाभाविक आहे आणि तो विचारणाऱ्याला दोष देता येत नाही. तरीही माझे मत वेगळे आहे. हरलेल्या माणसाने पुन्हा मतदारांसमोर येणे ही आपल्या तालुक्यांतल्या लोकशाहीची मोठी गरज आहे, आणि त्या येण्याकडे केवळ खुर्चीचा मोह म्हणून पाहण्यात आपण स्वतःचेच नुकसान करून घेतो.

याचा पुरावा आकड्यांतच आहे. २०१४ मध्ये जगताप जिंकले तेव्हा त्यांना ७० हजारांहून थोडी अधिक मते होती आणि अरुण अडसडांचा पराभव हजाराच्याही आतल्या मतांनी झाला. २०१९ मध्ये जगताप साडेनऊ हजारांच्या आसपास मतांनी पडले. पण त्यांची मते ८० हजारांच्या पुढे गेली होती. २०२४ मध्ये पराभवाचे अंतर आणखी वाढून १६ हजारांवर पोचले, आणि त्यांची मते मात्र ९० हजार ओलांडून गेली. जिंकताना मिळालेल्या मतांपेक्षा पहिल्या पराभवात अधिक मते, त्याहून अधिक दुसऱ्या पराभवात. यातला काही भाग मतदारयादी वाढल्याचा आहे, काही भाग तिरंगी-चौरंगी लढती सरळ होत गेल्याचा. २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीने इथे २० हजारांवर मते घेतली होती, म्हणजे विजयाच्या अंतराच्या दुपटीहून जास्त. ही सगळी वजाबाकी मान्य करूनही एक गोष्ट उरतेच. ‘लोकांनी नाकारलेला माणूस’ हे वर्णन या आकड्यांना लागू पडत नाही. अधिक लोकांनी दुसरा निवडला, एवढेच खरे. नाकारणे आणि दुसऱ्याला निवडणे यांत जो फरक आहे, तो निकालाच्या रात्री गुलालात दिसत नाही.

आपल्या निवडणूकपद्धतीत एका मतदारसंघातून एकच माणूस सभागृहात जातो. ९० हजारांवर लोकांनी ज्याला मत दिले त्याला सभागृहात अर्धी खुर्चीही मिळत नाही. त्या मतांना पुढची पाच वर्षे धनी कोण? विधानसभेत विरोधी पक्ष असतो, पण तो मुंबईत आणि नागपुरात. चांदूरच्या तहसीलवर, नांदगाव खंडेश्वरच्या बाजारात, कापूस-सोयाबीनच्या भावासाठी किंवा गाड्यांच्या थांब्यासाठी आवाज उठवायचा तर त्यामागे मते मोजून दाखवता येतील असा माणूस लागतो. पडलेला उमेदवार पुन्हा उभा राहणार आहे हे अधिकाऱ्यालाही ठाऊक असते आणि विद्यमान आमदारालाही. तो कायमचा निघून गेला, तर त्या मतांचा दबावही त्याच्याबरोबर जातो आणि जिंकलेल्या आमदाराला पाच वर्षे मोकळे रान मिळते. विद्यमान आमदार अडसड असोत की पूर्वीचे जगताप, हे दोघांनाही सारखेच लागू आहे. २००४ ते २०१९ या काळात जगताप आमदार असताना अडसडांनी मैदान सोडले असते, तर इथे काँग्रेसला विचारणारे कोण उरले असते?

पुन्हा पुन्हा उभ्या राहणाऱ्याबद्दल आणखी एक गोष्ट बोलली जात नाही. नवा उमेदवार केवळ आश्वासने घेऊन येतो, जुन्याला स्वतःचा हिशेब घेऊन यावे लागते. जगतापांनी आज सिंचनावर प्रश्न विचारला, तर मतदार त्यांना त्यांच्या १५ वर्षांबद्दल विचारू शकतो. प्रताप अडसडांनी जुन्या राजवटीकडे बोट दाखवले, तर त्यांच्याही नावावर आता एक पूर्ण कारकीर्द जमा आहे. रस्ता कोणाच्या काळात झाला, कोणाच्या काळात रखडला, पीकविम्याच्या वेळी कोण कुठे होते, हे दोन्ही बाजूंनी ताडून पाहता येते. समृद्धी महामार्ग या तिन्ही तालुक्यांतून गेला. त्याने कास्तकाराला नेमके काय दिले आणि त्याचे काय घेतले, याचा जाब दोन्ही पक्षांच्या ज्या माणसांना विचारता येतो, ती माणसे इथेच राहतात. दर पाच वर्षांनी अनोळखी उमेदवार बाहेरून उतरवला जातो, तिथे ही सोय नसते.

यावर पहिला आक्षेप येतो तो नव्यांची वाट अडण्याचा, आणि तो हलका नाही. वीस वर्षे एकच नाव असेल, तर त्या पक्षातल्या पस्तिशीतल्या कार्यकर्त्याने काय करायचे? बूथ सांभाळायचा, सतरंज्या उचलायच्या आणि वाट पाहायची? त्याची घुसमट खरी आहे. पण दार नेमके कोणी लावले आहे हे पाहायला हवे. पुन्हा उभे राहण्याची इच्छा उमेदवाराची, तिकीट मात्र पक्षाचे. ते मुंबईत किंवा दिल्लीत ठरते आणि तालुक्यातल्या सदस्याला ते वर्तमानपत्रातून कळते. जुन्या माणसाला पक्षांतर्गत मतदानात हरवण्याची संधी नव्याला मिळतच नाही, म्हणून जुना माणूस भिंत वाटू लागतो. दोष निवडीच्या पद्धतीत आहे, आणि तो भाजप, काँग्रेस दोघांच्याही घरात आहे. शिवाय खर्चही आहेच. विधानसभेच्या उमेदवाराला आज ४० लाखांपर्यंत खर्चाची मुभा आहे. अनामत दहा हजार असली, तरी लढत लाखांची. त्यामुळे पक्षही ज्याने एकदा हा भार पेलला त्याच्याकडेच पुन्हा वळतो. हे बदलायला हवे, पण जुन्या उमेदवाराला घरी बसवल्याने ते बदलणार नाही. त्याच्या जागी तेवढाच खर्च करू शकणारा दुसरा येईल, एवढेच.

दुसरा आक्षेप घराणेशाहीचा. इथे मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. स्वतः हरून स्वतः पुन्हा उभे राहणे ही एक गोष्ट, आणि वडिलांची जागा मुलाकडे जाणे ही दुसरी. प्रताप अडसड विधानसभेआधी धामणगाव रेल्वेचे नगराध्यक्ष होते, म्हणजे ते थेट घरातून विधानसभेत गेले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. तरीही वडिलांच्या प्रत्येक जुन्या प्रचाराची पुंजी मुलाला मिळते, ती त्याच पक्षातल्या दुसऱ्या तरुणाला मिळत नाही. याचे समर्थन मी करणार नाही. विधान परिषदेच्या वाटेबद्दलही तसेच. पांडुरंग फुंडकरांच्या निधनाने रिकामी झालेली जागा २०१८ मध्ये अरुण अडसडांना मिळाली आणि एप्रिल २०२० मध्ये तिची मुदत संपली. अनुभवी माणसाला सभागृहात घ्यावे यात गैर नाही. पण ती निवड आमदारांनी केलेली असते. हजाराच्या आतल्या पराभवानंतर पुन्हा त्याच मतदारासमोर हात जोडून जाण्यात जे आहे, ते त्या निवडीत नाही.

महाराष्ट्राने याचे सर्वांत बोलके उदाहरण सांगोल्यात पाहिले. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख ११ वेळा आमदार झाले, पण १९७२ आणि १९९५ मध्ये ते पडले. १९९५ चा पराभव अवघ्या १९२ मतांचा होता. त्यानंतर ते घरी बसले असते, तर त्यांची पुढची कारकीर्द झालीच नसती. त्यांना हरवणारे शहाजीबापू पाटील पुढे अनेकदा हरले आणि २०१९ मध्ये पुन्हा ७६८ मतांनी आले, तेही २०२४ मध्ये परत पडले. आपल्या विदर्भात, भंडाऱ्यात, १९५४ च्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. त्याआधी ते मुंबईत १९५२ ला हरले होते. घटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षाला पराभवानंतर पुन्हा मत मागायला जाण्यात कमीपणा वाटला नाही.

अर्थात प्रत्येक फेरउमेदवारीला हा मान देता येणार नाही. तमिळनाडूतले के. पद्मराजन दोनशेहून अधिक निवडणुका लढले आणि हरले. तो विक्रमाचा छंद आहे, त्यात मतदारसंघ कुठेच नाही. आपल्याकडेही काही माजी आमदार पराभवानंतर पुण्या-मुंबईत राहायला जातात आणि आचारसंहितेच्या आधी दोन महिने परततात. त्यांच्या उमेदवारीला मी वर सांगितलेले काहीच लागू नाही. माजी आमदाराला निवृत्तिवेतन मिळते, पण स्थानिक विकासनिधी मिळत नाही, हे खरे. मात्र अर्ज लिहायला, मोर्चा काढायला, जिल्हाधिकाऱ्यांना भेटायला आणि सत्तेतल्या आमदाराच्या कामाचा हिशेब मागायला निधी लागत नाही.

म्हणून माझी विनंती दोघांना आहे. धामणगाव रेल्वे मतदारसंघातल्या मतदारांनी पुढच्या वेळी जुने नाव दिसताच तोंड फिरवू नये; हरल्यानंतरच्या पाच वर्षांत हा माणूस चांदूरला, धामणगावला, नांदगावला किती वेळा आणि कशासाठी आला, एवढे भर सभेत उभे राहून विचारावे. आणि भाजप, काँग्रेस या दोन्ही पक्षांनी २०२९ चे तिकीट या तीन तालुक्यांतल्या आपल्या सदस्यांच्या गुप्त मतदानाने ठरवावे, त्यात जुन्यालाही उभे राहू द्यावे आणि नव्यालाही.