एक जूनचा मुक्काम

आमच्या आधीच्या पिढीत कितीतरी माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळेत नाव घालायला पोर नेलं की गुरुजी वर्ष अंदाजानं धरत आणि पुढं १ जून लिहीत. पहिलीत बसण्यापुरतं वय जुळलं की झालं. नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावच्या निवृत्त शिक्षकांची, कारखान्याच्या जुन्या कामगारांची, बँकेत पेन्शनच्या रांगेत उभ्या असलेल्या बायकांची कागदपत्रं पाहा, हीच तारीख पुन्हा पुन्हा दिसेल.

आईच्या दाखल्यावरही १ जून १९५० आहे. आजी मात्र सांगायची की प्रवरानगरच्या कारखान्याचं पहिलं गाळप झालं त्या हंगामात ही झाली, उसानं भरलेल्या बैलगाड्या रात्रभर वस्तीवरून जात होत्या. म्हणजे जन्म थंडीतला. तिथी कुणी लिहून ठेवली नाही आणि आजी गेल्यावर विचारायला कुणी उरलं नाही. आमचे वाढदिवस आईनं वर्षानुवर्षं केले. सकाळी न्हाऊ घालणं, पाटाभोवती रांगोळी, औक्षण, केळं घालून शिरा. तिचा स्वतःचा मात्र कधी झाला नाही. १ जून हा तिच्या लेखी सरकारी दिवस होता. त्या दिवशी शिरा करायचा तो कुणासाठी, असं ती म्हणे, आणि आम्हीही ते खरं मानून चालत आलो.

गेल्या वर्षी १ जून रविवारी आला. दाखल्याप्रमाणे पंचाहत्तर पूर्ण होत होती. नगरमध्ये एखादा हॉल घ्यावा, जेवणावळ घालावी, असं भावाच्या मनात होतं. माझ्या मनात शिर्डी होती. दर्शन होईल आणि प्रसादालयात सगळ्यांचं जेवणही होईल. दोन्ही ऐकून घेऊन आई म्हणाली, ‘भंडारदऱ्याला नेता का? धरण बघायचंय मला.’

तिनं ते कधी पाहिलं नव्हतं, हे आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिचं माहेर प्रवरेच्या डाव्या कालव्याच्या काठी, लोणीच्या बाजूला. घरामागून पाट. धुणं पाटावर, पोहणं पाटात, भांडणंही पाटावरूनच. पाटबंधारे खात्याकडं सात नंबरचा अर्ज भरायचा, आवर्तन कधी सुटतं त्याची वाट पाहायची, आपली पाळी रात्री दोनला आली तर कंदील घेऊन दारं धरायला जायचं. मामा दारं धरायचे आणि ती बांधावर कंदील घेऊन उभी राहायची. ‘भंडारदऱ्याचं पाणी सुटलं’ हे वाक्य तिनं बोलायला लागल्यापासून ऐकलेलं. त्या पाण्यावर ऊस झाला, उसावर घर झालं, तिचं लग्नही उसाच्या बिलावर झालं. ते पाणी अडवलंय कुठं, तेवढं पाहायचं राहिलं होतं.

अकोले तालुक्याच्या टोकाला, सह्याद्रीच्या ऐन माथ्याजवळ इंग्रजांनी १९१० मध्ये दगडचुन्याचं धरण बांधायला घेतलं. १९२६ मध्ये ते पुरं झालं आणि मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव त्याला मिळालं. उंची सुमारे २७० फूट, साठा ११ टीएमसी. रतनगडाच्या कुशीत उगम पावणारी प्रवरा इथं अडते, गरजेप्रमाणे खाली सुटते, संगमनेर तालुक्यात ओझरच्या बंधाऱ्याशी येते आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांत वाटली जाते. हरेगावचा बेलापूर कंपनीचा साखर कारखाना या पाण्यानं उभा केला. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीला शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा केला तोही याच पाण्यावर. महाराष्ट्राच्या सहकाराचा इतिहास सांगताना आपण माणसांची नावं घेतो आणि ती घ्यायलाच हवीत. पण त्या इतिहासाच्या मुळाशी हा दगडी बांध आहे.

नगरहून निघालो. राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर, अकोले. कोल्हारच्या पुलावर आईनं सवयीनं प्रवरेला हात जोडले. लोणीला कारखान्याच्या धुराड्याकडं पाहत राहिली, उतरायचं का म्हटलं तर नको म्हणाली. अकोल्याच्या पुढं रस्ता चढू लागतो आणि शेतांचा आकार बदलतो. उसाचे सपाट पट्टे संपून भाताची खाचरं सुरू होतात. राजूरला पेढे घेतले. केक नको, पेढे चालतील, हे तिनं आधीच बजावलं होतं. राजूरचा पेढा खमंग भाजलेल्या खव्याचा असतो. त्या पट्ट्यात जाऊन तो न घेता परत येणं मला तरी जमत नाही.

शनिवारची रात्र तलावाकाठच्या एका हॉटेलात होती. खोलीला गॅलरी, समोर जलाशय. जूनच्या तोंडाला पाणी बरंच खाली गेलेलं, काठावर मातीचे पट्टे उघडे पडलेले. आई खुर्ची ओढून बसली ती अंधार पडेपर्यंत उठली नाही. मी दोनदा चहा नेऊन दिला. आयत्या चहाची तिला सवय नाही. घरी पहिला कप ती दुसऱ्याच्या हातात देते आणि स्वतःचा निवल्यावर पिते. त्या संध्याकाळी दोन्ही कप ती वाफ असतानाच प्यायली. मला त्या प्रवासातलं काय आठवतं असं कुणी विचारलं तर धरणाच्या आधी मी हे सांगेन.

जेवायला खाली गेलो. मेनूकार्ड तिनं चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. पनीरचेच कितीतरी प्रकार होते. मग कार्ड मिटून वाढणाऱ्या मुलाला विचारलं, ‘बाळा, तुझ्या घरी आज काय केलंय?’

मुलगा जवळच्याच पाड्यावरचा होता. जरा लाजला. ‘आमच्याकडं? उडदाचं कालवण आन् नागलीची भाकर.’

‘मग मला तेच हवं होतं.’

ते तिथं मिळणार नव्हतं. पण मुलानं सांगितलं की त्याची आई घरी पाहुण्यांचं जेवण करते आणि मुक्कामाला एक खोलीही आहे, उद्या या. दुसऱ्या रात्रीचं हॉटेलचं आरक्षण आम्ही सोडलं. रात्री हॉटेलवाल्यांनी त्यांच्या मनानं छोटा केक आणला, स्वयंपाकघरातली माणसं बाहेर येऊन टाळ्या वाजवत उभी राहिली. आईनं केक कापला आणि पहिला तुकडा त्या मुलाला भरवला.

रविवारी सकाळी धरण पाहिलं. भिंतीखाली उभं राहिलं की मान मागं टाकावी लागते. शंभर वर्षांच्या उन्हापावसानं काळे झालेले दगड, फटींतून उगवलेलं गवत. आईनं फोटो काढू दिला नाही. कुठलं पाणी कुठून सुटतं, नदीत कसं पडतं, रंधा धबधबा कुठल्या अंगाला, निळवंड्याचं धरण किती खाली, असं ती तिथल्या माणसाला एकेक विचारत होती. पाटकऱ्याशी बोलायची तिच्या वडिलांची जी रीत होती तीच. मग भिंतीला तळवा लावून जरा वेळ उभी राहिली. ‘बरं झालं बाई,’ एवढंच म्हणाली. दुपारी रतनवाडीला अमृतेश्वराचं दर्शन घेतलं. देवळाच्या दगडातली नक्षी इतकी बारीक आहे की तिच्यावर वेगळं लिहायला हवं. वाटेत पोरं पळसाच्या द्रोणातून करवंदं विकत होती.

संध्याकाळी त्या घरी पोचलो. कुडाच्या भिंती, वर कौलं, अंगण सारवलेलं. घरची बाई चाळिशीची असेल, महादेव कोळी समाजातली. चुलीवर तवा तापलेला होता. तांदळाच्या पिठावर तिनं उकळतं पाणी ओतलं, उलथण्यानं हलवलं, झाकून ठेवलं, मग काठवटीत घेऊन हाताला पाणी लावत मळत राहिली. गोळा तळहाताच्या रेट्यानं फिरवत फिरवत पसरला आणि कडा जराही न चिरता भाकरी तव्यावर पडली. आई बाजरीच्या मुलखातली. कोरडं पीठ लावून थापण्यात तिचा हात पक्का. ती उकिडवी बसून एकटक पाहत होती.

‘पाणी अगदी उकळतं लागतं का गं?’

‘कढच लागतो, आज्जी. न्हाई तर भाकर फाटती.’

‘आणि तांदूळ कुठला?’

‘घरचाच. काळभात.’

मग बियाण्यांवर बोलणं निघालं. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपलं आणि त्यांना पद्मश्री मिळाली, हे त्या बाईनं आपल्या घरातली गोष्ट सांगावी तसं सांगितलं. खुरासणीची चटणी, उडदाचं कालवण, नागलीची भाकरी, तांदळाची भाकरी, भात. वाढताना तिनं आईच्या ताटाभोवती रांगोळीची रेघ ओढली. आज वाढदिवस आहे हे मुलानं सांगितलं होतं. पितळी ताम्हणात निरांजन लावून आणलं, सुपारी ओवाळली, अक्षता टाकल्या. बाबा गेल्यापासून आई हळदीकुंकवाला कुठं जात नाही, ओवाळून घ्यायला पुढं होत नाही. ती मागं सरकली. ‘असं काही नसतं आज्जी, बसा,’ म्हणत त्या बाईनं कुंकवाचं बोट लावलंसुद्धा. मला त्या बाईच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं.

जेवताना आईनं सांगितलं की आम्ही पाटाकडचे, आमच्याकडं भंडारदऱ्याचं पाणी येतं.

बाईनं भात वाढता वाढता मान हलवली. ‘हां, खाली जातंय ना. आमच्या आजेसासऱ्याची खाचरं हायेत त्या पाण्याखाली. समदं पानी तुमच्याकडं. आमी मे महिन्यात हंडा घेऊन हिरीवर.’ आवाजात तक्रार नव्हती. ती माहिती देत होती.

आणि ती खरी आहे. घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, नगर शहरात त्याच्या दशांशाच्या आसपास. तरी उन्हाळ्यात टंचाई डोंगरातल्या पाड्यांवर असते, कारण पाऊस उतारावरून वाहून जातो आणि अडवलेलं पाणी अधिकारानं खालच्या लाभक्षेत्राचं असतं. पाटाच्या काठावर वाढलेल्या आम्हा लोकांना आवर्तनाच्या तारखा पाठ असतात. ज्यांच्या खाचरांवर ते पाणी उभं आहे त्यांची नावं आमच्या बोलण्यात कधी येत नाहीत. यात सगळा दोष सरकारचा म्हणून हात झटकता येत नाही. आम्हीही कधी विचारलं नाही.

आईचा हात ताटावर थांबला होता. ती म्हणाली, ‘तुमचं पाणी पिऊन मी एवढी झाले बघ. आज समजलं.’ बाई हसली. ‘मग आज भाकर पन आमची खा,’ म्हणाली आणि आणखी एक वाढली.

रात्री काजवे पाहायला घरामागच्या रानात गेलो. पावसाच्या तोंडावर, मेअखेरपासून जूनच्या मध्यापर्यंत, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, आंबा अशा झाडांवर ते उतरतात. नर लुकलुकतात, मादीला बोलावतात. अळी असताना गोगलगायी खाऊन त्यांनी जे साठवलं त्यावर पुढचं थोडं आयुष्य निघतं. मोठेपणी बरेचसे काजवे काही खातही नाहीत. एक अख्खं झाड एकदम उजळायचं, एकदम विझायचं. आईनं हातातली बॅटरी आपणहून बंद केली. पण आदल्या रात्री तलावाकाठच्या तंबूंकडं जे ऐकलं-पाहिलं होतं तेही इथं लिहायला हवं. मोठे स्पीकर, आतषबाजी, गाड्यांचे दिवे झाडांवर रोखलेले. उजेडात काजव्याला मादीची खूण दिसत नाही आणि जोडी जमत नाही. हे सगळं रान कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचं आहे. वाढदिवस साजरा करायला तिथं जाणाऱ्यांना कुणी हे सांगत नसेल, म्हणून मी सांगते.

सोमवारी सकाळी निघताना जेवणा-मुक्कामाचे पैसे त्या बाईनं मोजून घेतले. तो तिचा व्यवसाय आहे. औक्षणाच्या ताम्हणात आईनं टाकलेली नोट मात्र ती घेईना. शेवटी आईनं तिची खणानारळानं ओटी भरली. खण कुठून आला म्हणून मी पाहिलं तर तो घरून निघतानाच तिच्या पिशवीत होता. देवीसाठी आणलेला असणार.

भंडारदऱ्याला जाणार असाल तर एक रात्र तरी शेंडी, मुरशेत, पांजरे, रतनवाडीकडच्या एखाद्या घरी राहा. पनीर मागू नका, चुलीवर जे शिजतंय ते मागा आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्या. रात्री दिवे आणि गाणी बंद ठेवा. आणि श्रीरामपूर, राहाता, राहुरीकडच्या, पाटाच्या पाण्यावर वाढलेल्या आपल्या आई-वडिलांना, १ जूनला किंवा कुठल्याही दिवशी, चालता येतंय तोवर तिथं नेऊन आणा. त्या धरणाला २०२६ मध्ये शंभर वर्षं होतात.