जुनी प्रत

पाठचिकित्सा शिकवताना मी वर्षानुवर्षे सांगत आलो की प्रत जितकी जुनी तितकी मोलाची. त्यामुळे अमेरिकेतल्या भाच्याने, रायफलची काडतुसे पुन्हा भरण्याची जुनी पुस्तिका रद्दीत मिळाल्याचे कळवले तेव्हा मी मोडनिंबहून लगेच लिहिले, "तीच प्रमाण मान." (तिथे हौशी नेमबाज हे घरी करतात, आपल्याकडे १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार परवाना हवा.)

त्याचे उत्तर आले. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी लष्कराकडे उरलेली ४८३१ क्रमांकाची बंदुकीची दारू विकायला काढली. पुढे तो साठा संपला आणि त्याच क्रमांकाने नवी दारू बनू लागली. जुन्या साठ्याची मात्रा तिला जशीच्या तशी लावता येत नाही. शिवाय काडतुसातला दाब पूर्वी तांब्याची कांडी किती चेपली यावरून ठरवीत. आता विद्युत संवेदक क्षणाक्षणाचा दाब टिपतो, आणि त्यानंतर काही कोष्टकांतली कमाल मात्रा खाली आली. मात्रा मोजायची ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे जेमतेम अर्धी गुंज! "मामा, दारू बनवणाऱ्याचे ताजे कोष्टकच पाहतो मी," त्याने लिहिले होते, "चुकलो तर नळी डोळ्यापाशी फुटते."

आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीत काळी दारू अंदाजाने पडे. तो अंदाजच मी प्रमाण म्हणून पुढे पाठवला होता.

पुस्तिका मी मागवून घेतली. कपाटात ठेवण्यापूर्वी तिच्यावर लाल शाईने लिहिले: केवळ अभ्यासासाठी.